टाइप आणि पॉइंटर यांची रूपांतरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, फोंड्यात बसून मी मायक्रोकंट्रोलरसाठी सी आणि सी++ लिहितो. अलीकडची दोन-तीन कामं रस्टमध्ये केली. फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारी मुलं, वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतींत फर्मवेअर सांभाळणारे सोबती असे बरेच जण कास्टबद्दल, म्हणजे एका टाइपची किंमत किंवा पॉइंटर दुसऱ्या टाइपचा करण्याबद्दल, तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे: एका कास्टने एकच गोष्ट बदलावी. रुंदी (किती बिट), चिन्ह, टाइप, कॉन्स्ट ('बदलू नये' ही खूण), पत्ता यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच कंसात बदलल्या की चूक नेमकी तिथेच लपते. कीवर्डांची आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

१. कास्ट केल्यावर मेमरीत नेमकं काय बदलतं?

दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलं आहे. पूर्णांक १ फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या टाइपमध्ये, कास्ट केला की किंमत तीच राहते, पण बिट बदलतात. ३२ बिटांच्या फ्लोटमधल्या १.० चे बिट पूर्णांक म्हणून वाचले तर १०६५३५३२१६ हा आकडा येतो. हे किमतीचं रूपांतर. पॉइंटर मेमरीतला पत्ता धरतो; फ्लोटच्या पॉइंटरचा इंटचा (पूर्णांकाचा) पॉइंटर केला, तर मात्र मेमरीतला एकही बिट हलत नाही. त्या पत्त्यावरचा मजकूर कसा वाचायचा, तेवढंच बदलतं.

पहिल्या प्रकारात काम कंपाइलर करतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही त्याला शब्द देता की या पत्त्यावर अमुक टाइपची वस्तू आहे, आणि तो शब्द तो पडताळून पाहत नाही. सीमध्ये दोन्हींची खूण एकच: कंसात टाइपचं नाव. सी ज्या बी भाषेतून घडली तिच्यात टाइपच नव्हते, सगळा कारभार मशीनच्या वर्डवर (ठरलेल्या रुंदीच्या बिटांच्या गटावर) चालायचा. टाइप नंतर आले. सी++ ने पुढे स्टॅटिक_कास्ट, कॉन्स्ट_कास्ट, रीइंटरप्रेट_कास्ट अशी वेगळी नावं दिली. सी++ लिहीत असाल तर कंसाचा कास्ट पूर्ण सोडून द्या, एवढं मी आग्रहाने सांगेन.

२. मी कुठेही कास्ट लिहिला नाही, तरी तुलना चुकते. असं कसं?

कास्ट तुम्ही लिहिला नाही, भाषेने केला. इंट (साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा) आणि अनसाइन्ड इंट (उणे नसलेला) यांची तुलना करताना सी दोघांना अनसाइन्ड करते. मग उणे १ चा ४२९४९६७२९५ होतो आणि 'उणे १ हा १ पेक्षा लहान आहे का' याचं उत्तर 'नाही' असं येतं. हीच गोष्ट लूपमध्ये भेटते: लांबी साइझ_टी (आकार मोजणारा अनसाइन्ड टाइप) आहे, बफर रिकामा आहे, मोजणी आय या नावाची आहे, आणि तुम्ही 'लांबी वजा १ पर्यंत' फिरता. शून्यातून १ गेला की तो टाइप धरू शकेल तेवढा सर्वांत मोठा आकडा हाती येतो. 'लांबी वजा १' ऐवजी डाव्या बाजूला 'आय अधिक १' लिहा, प्रश्न मिटतो.

दुसरी आपोआप होणारी गोष्ट म्हणजे बढती. इंटपेक्षा अरुंद टाइप गणितात शिरताना आधी इंट होतात. ३२ बिटांच्या इंटवर १६ बिटांचे दोन अनसाइन्ड आकडे, ६५५३५ गुणिले ६५५३५, हा गुणाकार साइन्ड इंटमध्ये होतो आणि तिथे मावत नाही. लिहिणाऱ्याने सगळीकडे अनसाइन्ड लिहिलेलं असतं आणि तरीही साइन्ड ओव्हरफ्लो, म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर (काय व्हावं हे मानकाने सांगितलेलंच नाही अशी स्थिती), घडतं. गुणाकाराआधी एका बाजूला यूइंट३२ (३२ बिटांचा अनसाइन्ड पूर्णांक; इंट३२ म्हणजे साइन्ड) करून घ्या.

३. सेन्सर उणे आकडा देतो तेव्हा माझ्याकडे ६५ हजारांच्या घरातला आकडा का येतो?

हे माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका खाजन शेताच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) बांधावर, मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) दाराशी खाडीच्या बाजूला आम्ही पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला. शून्य धरलं मानशीच्या उंबऱ्याला. सेन्सर मिलिमीटरमध्ये १६ बिटांचा साइन्ड आकडा मॉडबसवरून (उपकरणांमधल्या संवादाची एक पद्धत) पाठवायचा. बसवला भरतीच्या वेळी, कारण होडीने सामान आणायला तेव्हाच सोयीचं होतं, आणि चाचणीही भरतीतच झाली. रात्री ओहोटीला पाणी उंबऱ्याखाली १३ मिलिमीटर उतरलं आणि आलेखावर ६५.५२३ मीटर पाण्याची रेघ उभी राहिली. धोक्याचा संदेश शेतकऱ्याच्या फोनवर गेला. तो बिचारा मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर धावला, तर समोर चिखल आणि खेकडे.

झालं होतं असं. मॉडबसचं रजिस्टर म्हणजे १६ नुसते बिट. मी ते यूइंट१६ मध्ये घेतले, तोवर ठीक. पुढे एकाच कास्टने ते इंट३२ केले. यूइंट१६ मधला ६५५२३ हा इंट३२ मध्ये सुखाने मावतो, म्हणून ६५५२३ च राहिला. चिन्ह आणि रुंदी या दोन गोष्टी मी एका घासात बदलल्या. बरोबर क्रम असा: आधी रुंदी तीच ठेवून यूइंट१६ चा इंट१६ करा, म्हणजे उणे १३ मिळतो, मग त्याला इंट३२ मध्ये रुंद करा, म्हणजे चिन्ह सोबत येतं.

न मावणारा आकडा साइन्ड टाइपमध्ये घातल्यावर काय व्हावं, हे सीचं मानक कंपाइलरवर सोडतं. जीसीसी हा कंपाइलर आपल्या दस्तऐवजात स्पष्ट सांगतो की बिट तसेच राहतील. सी++२० ने तर हे मानकातच लिहून टाकलं. त्यामुळे या विशिष्ट कास्टवर निर्धास्त राहा, फक्त तो स्वतंत्र ओळीवर ठेवा.

४. मोठ्या टाइपमधून लहान टाइपमध्ये जाताना कास्ट पुरेसा आहे ना?

कास्ट पुरेसा नाही, तपासणी लागते. ३०० यूइंट८ मध्ये घातला की ४४ होतो. ७०००० यूइंट१६ मध्ये ४४६४. कंपाइलरने दिलेला इशारा कास्ट लिहून गप्प केला की आकडा कापला जाणं थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. आधी मर्यादा तपासा, बाहेर असेल तर चूक परत करा, आणि मगच कास्ट करा. मी यासाठी दोन-तीन छोटी फंक्शनं लिहून ठेवली आहेत आणि बाकी कोडमध्ये उघडा कास्ट येऊ देत नाही. रस्टमध्ये ट्राय_फ्रॉम हे फंक्शन हेच करतं.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या छोट्या कोडमध्ये घडतं असं समजू नका. लिनक्स कर्नलच्या फाइलसिस्टिम थरात साइझ_टी मधली लांबी एके ठिकाणी इंट म्हणून पुढे जात होती. १ जीबीहून लांब पथ तयार होईल अशी फोल्डरांची उतरंड रचली की ती लांबी उणे व्हायची आणि बफरच्या बाहेर लिहिलं जायचं. त्यातून साधा वापरकर्ता रूट (सगळे अधिकार असलेला) होऊ शकत होता. २०२१ च्या जुलैत ही त्रुटी 'सेकोया' या नावाने जाहीर झाली. चूक एका रूपांतराची होती आणि ती कित्येक वर्षं तिथे बसून होती.

५. फ्लोटचा पूर्णांक करताना कधीकधी विचित्र आकडा येतो. तोही कापला जातो का?

नाही, हे प्रश्न ४ पेक्षा वाईट आहे. पूर्णांकाचे वरचे बिट कापले जातात. न मावणाऱ्या फ्लोटचं काय होईल याला सीमध्ये उत्तरच नाही, ते अनडिफाइन्ड आहे. प्रत्यक्षात इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर बहुधा उणे २१४७४८३६४८ मिळतो, तर एआरएमवर आकडा मर्यादेला चिकटतो. लॅपटॉपवर एक आणि बोर्डवर दुसरं. रस्टमध्ये १.४५ आवृत्तीपासून तो मर्यादेलाच चिकटतो आणि नॅनचा ('आकडा नाही' अशी फ्लोटची खास किंमत) शून्य होतो, असा पक्का नियम आहे.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ चं पहिलं उड्डाण याच जातीच्या रूपांतराने संपलं. ६४ बिटांच्या फ्लोटमधली, आडव्या वेगाशी संबंधित एक किंमत १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात घातली जात होती. कोड एरियान ४ साठी लिहिलेला. त्या रॉकेटच्या मार्गावर किंमत कधी मर्यादेबाहेर जात नसे. एरियान ५ चा वेग वाढण्याचा वेग जास्त होता. आकडा मावला नाही, दोन्ही मार्गदर्शक संगणक बंद पडले आणि मुख्य इंजिन पेटवल्यापासून सुमारे ४० सेकंदांत रॉकेट वाकडं जाऊन फुटलं. तिथे भाषा एडा होती आणि तिने चूक ओळखलीही होती. ओळखल्यावर काय करायचं ते मात्र त्या रूपांतरापुरतं लिहिलेलं नव्हतं.

तपासणी लिहिताना दोन खाचखळगे. एक, नॅनची लहान, मोठा किंवा समान अशी कुठलीही तुलना खोटी ठरते. म्हणून 'मर्यादेबाहेर असेल तर नाकार' असं न लिहिता 'मर्यादेत असेल तरच स्वीकार' असं लिहा. दोन, २१४७४८३६४७ हा आकडा ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये बसतच नाही, तो २१४७४८३६४८ होतो. म्हणून वरची तुलना 'लहान किंवा समान' अशी ठेवू नका, '२१४७४८३६४८.० पेक्षा लहान' अशी ठेवा.

६. मॅलॉकच्या उत्तराला कास्ट करावा का?

मॅलॉक म्हणजे मेमरी मागून घेणारं फंक्शन. सीमध्ये नको, सी++ मध्ये करावाच लागतो. सीमध्ये व्हॉइड पॉइंटर (टाइप न ठरलेला) कुठल्याही वस्तूच्या पॉइंटरमध्ये आपोआप जातो. पूर्वी हेडर फाइल जोडायची राहिली की कंपाइलर मॅलॉक इंट परत करतो असं गृहीत धरायचा, आणि ६४ बिटांच्या मशीनवर पत्त्याचा अर्धा भाग गळून पडायचा. वर लिहिलेला कास्ट त्याबद्दलचा इशारा झाकायचा. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं, तसंच विसंगत पॉइंटर आणि पॉइंटर-पूर्णांक यांची गुपचूप अदलाबदल, या सगळ्याला थेट चूक ठरवलं. जुना प्रकल्प नव्या जीसीसीवर बांधताना ढीगभर चुका दिसल्या तर कास्ट घालून त्या दाबू नका. त्यातल्या काही खऱ्या असतात.

७. फ्लोटचे बिट बघायला पॉइंटर कास्ट करून वाचतो. सर म्हणतात चूक आहे, पण उत्तर तर बरोबर येतं. कोण खरं?

सर खरे. नियम असा: एका टाइपची वस्तू दुसऱ्या असंबद्ध टाइपच्या पॉइंटरमधून वाचायची नाही. कंपाइलर या नियमावर विसंबून धरून चालतो की इंटच्या पॉइंटरमधून लिहिलं तर फ्लोट बदलणार नाही, आणि म्हणून फ्लोटची जुनी किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्येच ठेवतो. ऑप्टिमायझेशनच्या ओ-२ पातळीवर जीसीसी हे करतो. तुमचं उत्तर आज बरोबर आहे, कारण फंक्शन छोटं आहे; उद्या ते दुसऱ्या फंक्शनात सामावलं की जुनी किंमत वाचली जाईल.

बरोबर रस्ता मेमकॉपीचा, म्हणजे बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनाचा. चार बाइट फ्लोटमधून यूइंट३२ मध्ये कॉपी करा. 'फंक्शन कॉल म्हणजे संथ' ही भीती अनाठायी आहे, कारण इतकी छोटी आणि ठरलेल्या आकाराची मेमकॉपी कंपाइलर एखाद्या सूचनेत उरकतो; असेम्ब्ली उघडून बघा. सी++२० मध्ये बिट_कास्ट आहे, रस्टमध्ये टू_बिट्स आणि फ्रॉम_बिट्स. युनियन वापरून वाचणं सीमध्ये चालतं, सी++ मध्ये नाही. कॅर आणि अनसाइन्ड कॅर यांना मात्र सवलत आहे: त्यांच्या पॉइंटरमधून कुठल्याही वस्तूचे बाइट पाहता येतात. ही सवलत एकेरी आहे. कॅरच्या अ‍ॅरेवर इंटचा पॉइंटर लावणं तिच्यात येत नाही, आणि तिथून प्रश्न ८ सुरू होतो.

लिनक्स कर्नल हा नियम बंद करणारा पर्याय देऊन बांधला जातो. तुमच्या जुन्या कोडलाही तो लावता येतो, पण ती मलमपट्टी आहे हे ध्यानात ठेवून.

८. आलेल्या पॅकेटच्या बफरवर स्ट्रक्टचा पॉइंटर ठेवला की सगळी फील्डं मिळतात. यात काय वाईट?

स्ट्रक्ट म्हणजे अनेक फील्डांचा एकत्र गठ्ठा. असा पॉइंटर ठेवण्याच्या एका ओळीत चार गृहीतकं आहेत. स्ट्रक्टमध्ये रिकाम्या जागा नाहीत, हे पहिलं. एक यूइंट८ आणि मागोमाग एक यूइंट३२ असलेला स्ट्रक्ट साधारणपणे ५ नव्हे, ८ बाइटांचा होतो. बफरचा पत्ता चारच्या पटीत आहे, हे दुसरं; त्याबद्दल प्रश्न ९. टाइपचा नियम मोडत नाही, हे तिसरं, प्रश्न ७. बाइटांचा क्रम पाठवणाऱ्याचा आणि आपला एकच आहे, हे चौथं.

चौथ्याची गोष्ट. कोळंबीच्या तळ्यातला एक तापमापक फ्लोट दोन मॉडबस रजिस्टरांत पाठवतो. २८.० अंशांचे दोन भाग होतात १६८६४ आणि ०. मॉडबस एका रजिस्टरातला वरचा बाइट आधी पाठवतो, हे ठरलेलं आहे. पण दोन रजिस्टरांतलं आधी कुठलं, हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो. क्रम उलटा धरला तर जो फ्लोट तयार होतो तो शून्याला इतका खेटलेला असतो की पडद्यावर ०.० दिसतं. मग लोक तार तपासतात, सेन्सर बदलतात. मी तसे दोन दिवस घालवलेले आहेत.

म्हणून बाइट एकेक उचला आणि सरकवून जोडा. असं केलं की चारही गृहीतकं गळतात, आणि कोड कुठल्याही प्रोसेसरवर तोच अर्थ देतो. एक फट उरते: यूइंट८ ला २४ घरं डावीकडे सरकवताना बढतीमुळे (प्रश्न २) तो इंट असतो, आणि बाइट १२८ किंवा जास्त असेल तर चिन्हाच्या बिटावर आदळतो. आधी यूइंट३२ करा, मग सरकवा. 'पॅक्ड' हा पर्याय लिहून स्ट्रक्टमधल्या रिकाम्या जागा काढता येतात, पण त्यातल्या फील्डचा पत्ता काढून साध्या पॉइंटरमध्ये ठेवलात की प्रश्न ९ पुन्हा दारात उभा.

९. तोच कोड लॅपटॉपवर चालतो आणि बोर्डवर हार्डफॉल्ट देतो. का?

बहुतेक वेळा अलाइनमेंट, म्हणजे पत्ता ठरावीक आकड्याच्या पटीत असणं. यूइंट८ च्या बफरचा पत्ता कुठलाही असू शकतो, यूइंट३२ ला चारच्या पटीतला हवा असतो. इंटेलचा प्रोसेसर वाकडा पत्ता निमूट वाचतो. कॉर्टेक्स-एम० (एआरएमचा छोटा प्रोसेसर) वाचत नाही, सरळ हार्डफॉल्ट देतो, म्हणजे काम थांबवून चूक दाखवतो. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ साधं वाचन-लेखन सहन करतात, पण एकदम अनेक वर्ड उचलणाऱ्या सूचना सहन करत नाहीत. त्यामुळे ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर कंपाइलरने दोन वाचनं एकत्र केली आणि आजवर चालणारा बोर्ड पडला, असं घडतं. कंपाइलरला दोष देऊ नका. मेमकॉपी किंवा बाइट जोडणं, दोन्ही उपाय इथे लागू आहेत.

इशाऱ्यांमध्ये कास्ट-अलाइन चालू करा. लॅपटॉपवर बांधताना त्याचा 'स्ट्रिक्ट' प्रकार हवा, नाहीतर इंटेलवर तो गप्प बसतो.

१०. आतल्या मेंबरच्या पॉइंटरवरून बाहेरच्या स्ट्रक्टकडे जाणं सुरक्षित आहे का?

मेंबर खरोखर त्याच स्ट्रक्टमध्ये असेल तर हो. लिनक्समधला कंटेनर_ऑफ हा मॅक्रो हेच करतो: मेंबरचा पत्ता घेऊन त्याचं अंतर वजा करतो, आणि पॉइंटरचा टाइप मेंबरच्या टाइपशी जुळतो का ते बांधतानाच तपासतो. आपला स्वतःचा मॅक्रो लिहाल तर ती तपासणी विसरू नका. त्यात एक उणीव आहे: आत कॉन्स्ट पॉइंटर दिला तरी बाहेर कॉन्स्ट नसलेला येऊ शकतो. म्हणून कर्नलमध्ये कंटेनर_ऑफ_कॉन्स्ट वेगळा आहे.

सी++ मध्ये मूळ क्लासकडून उपक्लासकडे जाताना स्टॅटिक_कास्ट वापरा. एकाहून जास्त मूळ क्लास असतील तर पत्ता काही बाइट सरकवावा लागतो. ते स्टॅटिक_कास्ट करतो, रीइंटरप्रेट_कास्ट करत नाही. आणि कंसाचा कास्ट? क्लासची पूर्ण व्याख्या समोर असेल तर तो स्टॅटिकसारखा वागतो. नुसतं नाव जाहीर केलेलं असेल तर गुपचूप रीइंटरप्रेट होतो. एक हेडर काढून टाकल्याने अर्थ बदलतो आणि इशारा मिळेलच असं नाही. प्रश्न १ मधला आग्रह यासाठी होता.

११. कॉन्स्ट काढून टाकणारा कास्ट कधी चालतो? आणि व्होलाटाइल?

मूळ वस्तू कॉन्स्ट नसेल तर कॉन्स्ट काढून लिहिणं कायदेशीर आहे. मूळ वस्तूच कॉन्स्ट असेल तर अनडिफाइन्ड. मायक्रोकंट्रोलरवर कॉन्स्ट तक्ते फ्लॅशमध्ये बसतात. तिथे लिहिण्याचा प्रयत्न फॉल्ट देतो, किंवा काहीच होत नाही आणि तुम्ही लिहिलं असं समजून पुढे जाता. जुन्या लायब्ररीच्या फंक्शनाला कॉन्स्ट नसलेला पॉइंटर हवा असेल आणि ते लिहीत नाही याची खात्री असेल, तर त्या एकाच ठिकाणी कास्ट करा आणि शेजारी कारण लिहा.

व्होलाटाइल ('ही किंमत बाहेरून बदलू शकते, दरवेळी वाच' ही खूण) काढू नकाच. हार्डवेअर रजिस्टरचा पत्ता आकड्यातून येतो, जसा एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलरमध्ये जीपीआयओ-ए (पिनांचा एक गट) चा पत्ता हेक्समध्ये ४००२०००० आहे. आकड्याचा पॉइंटर करणं इथे अपरिहार्य आहे आणि कंपाइलर ते मानतात. पण व्होलाटाइल गळला की 'हा बिट शून्य होईपर्यंत थांब' हा लूप कंपाइलर एकदाच वाचून कायमचा फिरत ठेवतो.

१२. कॅरच्या पॉइंटरचा पॉइंटर, कॉन्स्ट कॅरच्या पॉइंटरचा पॉइंटर म्हणून का देता येत नाही? मी तर बंधन वाढवतोय.

वाढवताय असं वाटतं, पण दार मागून उघडं राहतं. दिलेल्या पत्त्यावर समोरचं फंक्शन एखाद्या खऱ्या कॉन्स्ट मजकुराचा पॉइंटर ठेवू शकेल. तुमच्याकडे तोच पॉइंटर कॉन्स्टशिवाय आहे, तुम्ही त्यातून लिहाल. एकही कास्ट न लिहिता कॉन्स्ट मोडला. म्हणून मनाई. मधल्या पातळीवरही कॉन्स्ट लावला तर सी++ परवानगी देते. सीच्या नियमांत मात्र तेही बसत नाही.

१३. पॉइंटर आकड्यात ठेवून नंतर परत पॉइंटर करायचा आहे. कुठला टाइप घेऊ?

यूइंटपीटीआर_टी, म्हणजे पॉइंटर मावेल असा अनसाइन्ड पूर्णांक. लाँग घेऊ नका. लिनक्सवर ६४ बिटांत लाँग ६४ बिटांचा असतो, विंडोजवर ३२ चाच. पॉइंटर तसाच नेऊन तसाच परत आणलात तर काही बिघडत नाही. अवघड भाग आहे मध्ये गणित करणं.

पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता नाही. तो कुठल्या वस्तूतून जन्मला, म्हणजे त्याचं प्रोव्हेनन्स, हेही कंपाइलर लक्षात ठेवतो. दोन अ‍ॅरे मेमरीत लागून असले आणि पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळला, तरी पहिल्याच्या पॉइंटरने दुसऱ्यात लिहिता येत नाही. सातबाराच्या उताऱ्यासारखं आहे हे: बांधाला बांध लागला म्हणून शेजारचं शेत तुमच्या उताऱ्यावर येत नाही. आकड्यात रूपांतर केलं की हा उतारा हरवण्याची शक्यता असते. रस्टच्या १.८४ आवृत्तीत, जानेवारी २०२५ मध्ये, यासाठी वेगळी साधनं स्थिर झाली: अ‍ॅडर फक्त पत्ता देतो, विथ_अ‍ॅडर जुन्या पॉइंटरचा उतारा कायम ठेवून पत्ता बदलतो. पत्त्याच्या खालच्या बिटांत खुणा साठवणाऱ्यांनी हीच वाट धरावी. चेरी या सुरक्षित-मेमरी रचनेच्या प्रोसेसरवर हा उतारा हार्डवेअरमध्येच असतो. तिथे ६४ बिटांच्या पत्त्याचा पॉइंटर १२८ बिटांचा, आणि आकड्यातून बनवलेला बनावट पॉइंटर सरळ नाकारला जातो.

१४. कॉलबॅकची सही जुळत नाही, म्हणून फंक्शन पॉइंटर कास्ट केला. चालेल?

कॉलबॅक म्हणजे दुसऱ्या कोडने बोलवायला आपण दिलेलं फंक्शन, आणि सही म्हणजे त्याचे इनपुट-आउटपुट टाइप. कास्ट करून साठवा, पण बोलावण्याआधी मूळ टाइपवर परत आणावंच लागतं. चुकीच्या टाइपमधून बोलावणं अनडिफाइन्ड आहे, 'शेवटी दोन्ही पॉइंटरच ना' हे कारण चालत नाही. क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनाला तुलनेचं फंक्शन देताना सगळे ही चूक करतात. दोन कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर घेणारं छोटं फंक्शन लिहा आणि आतमध्ये रूपांतर करा, तीन ओळींचं काम आहे.

१५. रस्टमध्ये तर 'अ‍ॅज' सुरक्षित आहे ना? कंपाइलर अडवतच नाही.

अ‍ॅज हा रस्टमधला कास्टचा कीवर्ड. मेमरी बिघडत नाही या अर्थाने सुरक्षित. अर्थ बिघडत नाही या अर्थाने नाही. अ‍ॅज निमूट कापतो, चिन्ह बदलतो, आणि पॉइंटरच्या बाबतीत एकाच शब्दात टाइप, म्युटेबिलिटी आणि पत्त्याचा आकडा, काहीही बदलू शकतो. म्हणून मी असं वाटून घेतलं आहे: मावणारच असेल तर फ्रॉम, कदाचित मावणार नाही तर ट्राय_फ्रॉम. पॉइंटरचा फक्त टाइप बदलायचा तर कास्ट ही मेथड. कॉन्स्ट-म्यूट बदलायचं तर कास्ट_म्यूट किंवा कास्ट_कॉन्स्ट. मग उद्या कोणी वरचा टाइप बदलला तर कास्ट मेथड म्युटेबिलिटीला हात लावणार नाही आणि कंपाइलर ओरडेल. अ‍ॅज गप्प राहिला असता. क्लिपी या रस्टच्या कोड-तपासनीसात पीटीआर_अ‍ॅज_पीटीआर आणि कास्ट_लॉसलेस हे इशारे चालू केले की जुनी ठिकाणं तो स्वतः दाखवतो.

ट्रान्सम्यूट (बिट तसेच ठेवून टाइप बदलणारं फंक्शन) शेवटचा उपाय. दोन्ही टाइपांचा आकार सारखा आहे एवढंच तो तपासतो. यूइंट८ मधला २ बूल म्हणून वाचलात तर तेवढ्यावरच अनडिफाइन्ड, पुढे तो वापरा किंवा नका वापरू. इनमचंही (ठरावीक किमतींच्या यादीचा टाइप) तसंच. बाहेरून आलेल्या बाइटाचा इनम करायचा तर मॅच लिहा आणि अनोळखी किमतीला चूक परत करा.

१६. वेळ इंटमध्ये साठवतो. आता बदलायची घाई आहे का?

आहे. ३२ बिटांचा साइन्ड सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. आज बांधावर किंवा पंपघरात बसवलेली पेटी तेव्हाही चालू असू शकते. वेळेचा टाइप ६४ बिटांचा करा आणि मधे कुठेही इंटमध्ये उतरवू नका. फ्लॅशमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनात हे हमखास राहून जातं.

१७. वीस हजार ओळींचा जुना कोड हातात आला आहे. सुरुवात कुठून करू?

सगळे इशारे एकदम चालू केलेत तर हजारो ओळी येतील आणि तुम्ही कंटाळून बंद कराल. मी क्रम असा ठेवतो. पहिल्यांदा कास्ट-क्वाल (कॉन्स्ट काढणारे कास्ट दाखवणारा) आणि कास्ट-अलाइन. हे थोडे येतात आणि बहुतेक खरे असतात. मग कन्व्हर्जन आणि साइन-कन्व्हर्जन, पण फक्त त्या फाइलींसाठी जिथे बाहेरचा डेटा आत येतो: सिरियल, मॉडबस, जीपीएस, फ्लॅश. आतल्या गणिताच्या फाइली नंतर.

त्याच फाइली लॅपटॉपवर वेगळ्या बांधून अनडिफाइन्ड सॅनिटायझरखाली (चालताना अनडिफाइन्ड गोष्टी पकडणारं साधन) चालवा. चिपची वाट पाहायची गरज नाही. जीसीसीमध्ये फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो ही तपासणी त्याच्यासोबत आपोआप येत नाही, वेगळी मागावी लागते. चाचणीत घालायचे आकडे प्रत्येक फील्डसाठी ठरलेले आहेत: शून्य, उणे १, टाइपची खालची आणि वरची मर्यादा, मर्यादेच्या एक पलीकडे, फ्लोट असेल तर नॅन. मानशीच्या त्या सेन्सरच्या फाइलीत मी उणे १३ ही घातला आहे. आणि बफर मुद्दाम एक बाइट पुढून सुरू करून तेच पॅकेट पुन्हा वाचून पाहा. अलाइनमेंटच्या चुका तिथेच सापडतात.